अनुभव धागा: सेवापुस्तकात न लिहिलेलं काम

माझे वडील १९८१ साली एका अनुदानित महाविद्यालयात, रसायनशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर म्हणून लागले आणि २०१४ साली साठ पूर्ण झाल्यावर त्याच पदावरून निवृत्त झाले. पेन्शनच्या कागदांसाठी काढलेली त्यांच्या सेवापुस्तकाची झेरॉक्स परवा कपाट आवरताना सापडली. बसून सगळी वाचली. नेमणूक, वेतनवाढी, अर्जित रजा, कालबद्ध पदोन्नतीची वेतननिश्चिती, पाचवा आयोग, सहावा आयोग, ठिकठिकाणी प्राचार्यांची सही आणि शिक्का. ३३ वर्षं हा माणूस तिथे नेमकं काय करत होता, ते कुठल्याच पानावर नाही.

मला जे माहीत आहे ते लिहिते. सकाळच्या बॅचच्या दीड तास आधी ते प्रयोगशाळा उघडायचे. ब्युरेटच्या तोट्या गळतात का, ते एकेक करून बघायचं. पोटॅशियम परमँगनेटचं द्रावण अंधाऱ्या कपाटातून काढायचं. किप्सच्या उपकरणात फेरस सल्फाइडचे तुकडे घालून अ‍ॅसिड भरायचं. त्यातून निघणाऱ्या वायूचा सडक्या अंड्यांसारखा वास शर्टात बसायचा, म्हणून आई त्यांचे कपडे वेगळे धुवायची. एप्रिलमध्ये अमोनियाची बाटली उघडणं हे जोखमीचं काम. उन्हाने आत दाब धरलेला असतो, बूच उडून डोळे जाऊ शकतात. बाटली आधी पाण्याच्या बादलीत ठेवायची, मग ओलं फडकं टाकून, तोंड पलीकडे करून उघडायची. हे ते प्रत्येक नव्या परिचराला आणि खूपदा नव्या प्राध्यापकांनाही शिकवत.

सिल्व्हर नायट्रेटने त्यांच्या बोटांची टोकं काळी पडलेली असत. माझं लग्न फेब्रुवारीत झालं, प्रात्यक्षिक परीक्षांच्या तोंडावर. कन्यादानाच्या फोटोत ती काळी बोटं स्पष्ट दिसतात. तेव्हा मला त्याची लाज वाटली होती. आज तो फोटो मी मोठा करून घेतला आहे.

मी त्याच महाविद्यालयातून बीएस्सी केलं. परीक्षेत ओळखायला द्यायच्या क्षारांच्या पुड्या नंबर घालून बांधायचं काम त्यांचं, म्हणजे कुठल्या नंबरच्या पुडीत काय आहे ते त्यांना ठाऊक असणार. माझ्या वर्षी त्यांनी विभागप्रमुखांना स्वतःहून सांगून आमच्या बॅचच्या पुड्या दुसऱ्या परिचराकडे दिल्या. हे मला त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी विभागप्रमुखांच्या भाषणातून कळलं.

महाविद्यालय किंवा विद्यापीठात शिक्षकेतर काम केलेल्या, करत असलेल्या सगळ्यांना विनंती. तुमच्या कामातलं असं काय आहे जे सेवापुस्तकात नाही? सविस्तर लिहा. संस्थेचं नाव लिहायची गरज नाही.

प्राणिशास्त्र विभाग, कोकण

ताई, तुमच्या वडिलांना नमस्कार. मी प्राणिशास्त्राचा परिचर. विच्छेदनाला झुरळं लागत, तीही मोठी, लाल, पंखवाली. ती विकत मिळत नसत. रात्री दहानंतर बेकरीच्या मागच्या गटारापाशी बॅटरी आणि बरणी घेऊन बसायचं. साठ जणांच्या बॅचला साठ झुरळं, वर दहा जास्तीची. घरच्यांना सुरुवातीला फार वाईट वाटायचं. २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विच्छेदन बंद केलं तेव्हा मला बरं वाटलं. आता संग्रहालयाच्या बरण्या सांभाळतो. फॉर्मेलिन उडून पातळी खाली जाते, ती वेळेवर भरली नाही तर नमुना वरून सुकतो. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरतात. आमच्याकडे एक शार्कचं पिल्लू आहे, माझ्या नेमणुकीच्याही आधीचं. अजून शाबूत आहे.

शिष्यवृत्ती टेबल, बीड जिल्हा

मी २००८ साली अनुकंपावर लागले. हे त्याच कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते. ते गेले तेव्हा मुलगा चार वर्षांचा. टायपिंगच्या परीक्षा मुदतीत पास होण्याची अट होती, मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द. दिवसभर ऑफिस, संध्याकाळी टायपिंगचा क्लास, मुलगा क्लासच्या बाकावर झोपलेला. मराठी पहिल्या फटक्यात निघालं, इंग्रजी तिसऱ्या.

आता शिष्यवृत्तीचं टेबल माझ्याकडे आहे. पूर्वी छापील फॉर्म असत, आता सगळं महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. अर्ज विद्यार्थ्याने भरायचा, तो माझ्या लॉगिनला येतो, तपासून प्राचार्यांच्या लॉगिनला, तिथून पुढे जिल्ह्याला. त्रुटी असली की परत. आमच्या मुलांच्या अर्जांत त्रुटी का असतात, ते पोर्टलला कळत नाही. ते कळायला इथलं वर्ष माहीत असावं लागतं.

आमच्याकडे निम्म्याहून जास्त पोरांचे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा झाला की गाड्या भरतात, कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात, ते थेट मार्च-एप्रिलला परत. घरी म्हातारी आजी आणि हे पोरगं. नेमकं त्याच काळात अर्ज भरायचे असतात. उत्पन्नाचा दाखला हवा, वडील कारखान्यावर. घोषणापत्रावर पालकाची सही हवी, वडील फडात, फोनला रेंज नाही. पहिली तीन वर्षं मी मुलांना रागवायची, की दोन महिन्यांपासून सांगतेय, काय करता तुम्ही? चौथ्या वर्षी एक मुलगी म्हणाली, मॅडम, तुम्ही दसऱ्याआधी सांगितलं असतं तर बापू इथंच होते.

तेव्हापासून मी एक वेगळी वही ठेवते. प्रवेशाच्या वेळीच विचारून घेते की घरचे तोडीला जातात का, कधी निघतात, मुकादमाचा नंबर आहे का. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्या मुलांना एकेक करून बोलावून दाखले, सह्या, रेशनकार्डाची प्रत, सगळं गोळा करून फायलीत लावून ठेवते. पोर्टल सुरू झालं की माझी मुलं तयार असतात. हे काम मला कोणी नेमून दिलेलं नाही. ऑफिसात सगळे तिला 'दसऱ्याची वही' म्हणतात.

बँकेचंही तसंच. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, मुलाने अर्जात लिहिलेल्या खात्यात नाही. एका मुलीचे दोन हप्ते जमा झाल्याचं पोर्टल दाखवत होतं आणि तिच्या पासबुकात काही नाही. मेसचे पैसे थकले, ती कॉलेज सोडायच्या बेतात होती. चार दिवस फोन करून शोधलं. आठवीत असताना शाळेने गावच्या शाखेत उघडलेलं शून्य शिलकीचं खातं आधारला जोडलेलं होतं, पैसे तिथे पडून होते. तिला ते खातं आठवतही नव्हतं. ती आज जिल्हा परिषद शाळेवर शिक्षिका आहे. तिच्या वर्गातल्या तोडकऱ्यांच्या मुलांची वही तीही ठेवते, असं मागे भेटली तेव्हा म्हणाली.

परीक्षा विभाग

माझी नेमणूक २००७ ची. शेजारच्या टेबलावरच्या मित्राची ऑगस्ट २००५ ची. काम तेच, रजा तेवढ्याच, पण १ नोव्हेंबर २००५ ही तारीख आम्हा दोघांच्या मधे उभी आहे. त्याला जुनी पेन्शन, मला नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यभरच्या शिक्षकेतर संघटनांनी आधी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला, मग २० तारखेपासून बेमुदत संप. जुनी पेन्शन, १०-२०-३० वर्षांच्या सेवेनंतर वरची वेतनश्रेणी देणारी आश्वासित प्रगती योजना, सातव्या आयोगाची थकबाकी, रिक्त पदांची भरती, या मागण्या रास्त होत्या आणि आहेत. मी संपात पूर्ण उतरलो होतो. पण गेटवर बसलेलो असताना विद्यार्थी येऊन विचारायचे, काका, पेपर कधी? त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि त्या रात्री झोप लागायची नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, हे बाहेरच्याला समजावणं फार अवघड जातं.

आमचं काम लोकांना दिसतं ते निकाल लांबला तरच. प्रश्नपत्रिका आता ऑनलाइन येते, पेपरच्या थोडी आधी, पासवर्डसह. बंद खोलीत कॅमेऱ्यासमोर झेरॉक्स काढायच्या, मोजायच्या, वर्गवार पाकिटं करायची. त्या वीस-पंचवीस मिनिटांत वीज जाऊ शकते, कागद अडकू शकतो. मी परीक्षेच्या काळात सकाळी मशीनवर पन्नास कोरे कागद चालवून बघतो, पावसाळी हवा असेल तर रिमे रात्रभर बल्बखाली ठेवतो. दमट कागद अडकतोच.

एक निवृत्त प्राध्यापक

१९८६ साली मी नवा अधिव्याख्याता. पहिल्याच प्रात्यक्षिकाला विरलीकरणाचं गणित चुकलं आणि साठ विद्यार्थ्यांची टायट्रेशनची रीडिंग भलतीच यायला लागली. आमच्या परिचर मामांनी मला बाजूला नेलं, मुलांना दिसणार नाही असं कागदावर आकडे मांडून दाखवले, आणि नवं द्रावण पंधरा मिनिटांत करून आणलं. मुलांना एवढंच म्हणाले, 'सरांनी द्रावण बदलायला सांगितलंय.' ते नववी नापास होते. निरोप समारंभात मी हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ते इथे लिहितो.

अजून एक. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणत असू. त्यांचं आडनाव मला सेवानिवृत्तीच्या पत्रिकेवर पहिल्यांदा कळलं.

ग्रंथालय परिचर, विदर्भ

सर, मामा म्हणण्यात मला तरी वाईट वाटत नाही. मुलं प्रेमानेच म्हणतात. पण नाव माहीत असून मामा म्हणणं वेगळं आणि नावच माहीत नसणं वेगळं, हे तुमचं बरोबर आहे.

माझं काम बांधणीचं. आमच्याकडे बाहेर बायंडिंगला द्यायला पैसे नसतात, म्हणून मी शिकून घेतलं. फाटकी पुस्तकं उन्हाळ्याच्या सुट्टीत काढतो, जुनी शिवण उसवून नव्याने शिवतो, पुठ्ठा बदलतो, मैद्याची खळ करतो. खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायचा, नाहीतर कसर आणि झुरळ दोन पावसाळ्यांत पुस्तक खातात. दाखल नोंदवहीत पुस्तक 'रद्द' होण्याआधी मला एकदा दाखवा, एवढं ग्रंथपाल मॅडमना सांगून ठेवलंय. गेल्या सुट्टीत ११२ पुस्तकं रद्द होण्यापासून वाचवली. त्यातलं एक १९५२ साली घेतलेलं, अजून एमएची मुलं नेतात.

मुलींचं वसतिगृह (मावशी सांगतेय, मी तिचा भाचा टाइप करतोय)

माझं सेवापुस्तकच नाही. मी अकरा वर्षं एकाच दारावर आहे, पण कागदावर ही चौथी एजन्सी. ठेका बदलला की साडी बदलते, ओळखपत्र बदलतं, नोकरी पहिल्या दिवसापासून सुरू. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात म्हणे, माझी कुठेच होत नाहीत. पहिल्या एजन्सीचा पीएफ अजून शोधतेय.

काम काय, तर दारावर सही घ्यायची. खरं काम म्हणजे कोण जेवायला आलं नाही ते बघायचं. दोन वेळा ताट उचललं नाही तर मी खोलीवर जाते. कोणाला ताप असतो, कोणाचं घरी भांडण, कोणाचा निकाल. नुसतं 'चल गं, वरण गरम आहे' म्हटलं तरी उठतात. पॅड, गोळ्या, सुटे पैसे, सगळं माझ्या पिशवीत असतं.

एकदा रात्री दीडला एक पोरगी पोट धरून पडली. रेक्टर गावाला. मी दार दुसरीच्या हाती देऊन रिक्षाने तिला दवाखान्यात नेलं, अपेंडिक्स निघालं. जागा सोडली म्हणून एजन्सीने एका दिवसाचा पगार कापला. पोरीचे वडील सोलापूरहून आले, माझ्या पाया पडायला लागले. मी म्हटलं, दादा, असं करू नका, मला पण मुलगी आहे. कापलेल्या पगाराचं त्यांना सांगितलं नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा नेईन.

धागाकर्ती

काल संध्याकाळी वडिलांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. मावशींचा ऐकताना ते मधेच उठून पाणी प्यायला गेले. बीडच्या ताईंची वही त्यांनी दोनदा वाचायला लावली.

माझ्या लिहिण्यात त्यांनी एक दुरुस्ती सांगितली आहे. अमोनियाची बाटली बादलीत अर्धा तासच ठेवायची, जास्त नाही, नाहीतर लेबल सुटतं आणि बिनलेबलाची बाटली सगळ्यात धोक्याची. आणि ग्रंथालयवाल्या दादांना विचारायला सांगितलंय की खळ कशात करता? अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात मोरचूद घालत असाल तर घालू नका, तो भांडं खातो.

ग्रंथालय परिचर, विदर्भ

काकांना सांगा, पातेलं अ‍ॅल्युमिनियमचंच होतं आणि त्याला बारीक भोकं पडली होती, ती का ते आज कळलं. उद्यापासून खळ उतरवून प्लास्टिकच्या बादलीत ओततो आणि मोरचूद गरम पाण्यात विरघळवून मग त्यात घालतो. किलोभर मैद्याला मी एक लहान चमचा घेतो. जास्त होतो का, तेही विचारून सांगा.