मदत हवी आहे: मेंढीची लोकर कातरायलाच लागते का?

मंडळी, शेळ्या बरीच वर्षं पाळतोय पण मेंढ्यांचं काही कळत नाही आणि आता ओळखीतल्या एकांनी त्यांच्या मेंढ्या माझ्याकडे सोडल्यात. त्यातली एक म्हातारी गेल्या सीझनला कातरलेलीच नाही. लोकर पार डोळ्यांवर आलीये, दुपारी सावलीत उभी राहूनसुद्धा धापा टाकते, शेपटीखाली लेंड्या चिकटून चिकटून दगडासारखे गठ्ठे झालेत. घरात एक म्हणतं कातर, दुसरं म्हणतं देवाने दिलंय ते कशाला काढायचं, रानातल्या मेंढ्यांना कोण कातरतं? यावर माझी बोलती बंद. आणि तिला दुखतं का हो? स्वतः कातरलं तर जमेल?

प्रतिसाद १
रानातली मेंढी वेगळी हो. मुफ्लॉनसारख्या रानमेंढीला वरून राठ केस, आत थोडी लोकर, आणि ती दरवर्षी आपली आपण गळते. माणसाने हजारो वर्षं जास्त लोकरवाल्या, लोकर न गाळणाऱ्या मेंढ्याच पैदाशीला ठेवल्या, म्हणून आता ती वाढतच राहते. आपणच लावलेलं लचांड आहे, निस्तरायचंही आपणच. ऑस्ट्रेलियात २०१५ मध्ये कॅनबेराजवळ ख्रिस नावाचा भटका मेरिनो (लोकरीसाठी पाळतात त्या जातीचा मेंढा) सापडला होता, अंगावरून ४० किलोच्या वर लोकर निघाली, एरवी वर्षाला चार-पाच किलो निघते. धड चालता येत नव्हतं बिचाऱ्याला. तरी आधी जात बघा, डॉर्परसारख्या जातींची बरीचशी गळून जाते.

प्रतिसाद २
ते सगळं नंतर, आधी शेपटीखालचे गठ्ठे आजच्या आज काढा!! ओल्या घाण लोकरीत माशी अंडी घालते, दिवसभरात अळ्या बाहेर पडतात आणि जिवंत कातडी खायला लागतात, वरून काही दिसतसुद्धा नाही. मेंढी पाय आपटत असेल, सारखी वळून मागे चावत असेल, लोकरीत काळपट ओला डाग आणि घाण वास असेल तर तडक डॉक्टर.

दुखण्याचं म्हणाल तर लोकर म्हणजे केसच, कापून दुखत नाही, कातडीला चिमटा बसला तर दुखतं. म्हाताऱ्या मेंढीची कातडी सैल असते, लोकर ओढलीत की कातडी उचलून कातरीत येते. कातडी हाताने ताणून धरायची, लोकर नाही. पहिल्यांदा जाणता माणूस बोलवा आणि शेजारी उभं राहून बघा. लोकर कोरडी हवी, आदल्या रात्री चारा नको, भरल्या पोटी तिला कातरायला बुडावर बसवलं की धाप लागते.

धागाकर्ता
गठ्ठे काढले, अळ्या नाहीत, पण खालची कातडी लालबुंद आहे, डॉक्टरांना दाखवतो. कातरणारा माणूसही सांगितलाय. कातरल्यावर लगेच बाहेर सोडू का?

प्रतिसाद २
थोडे दिवस गार वारा, पाऊस आणि भर दुपारचं ऊन तिन्ही टाळा. आणि अगदी कातडीलगत नको म्हणावं, थोडी लोकर राहू द्या.