प्रतिसाद: विद्यापीठातलं संशोधन कपाटातच राहतं का?

वर म्हटलंय की विद्यापीठं नुसते पेपर छापतात, उद्योगापर्यंत काहीच पोचत नाही. अर्धंच पटलं. आमच्या कोकणात बघा ना, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून (दापोलीच्या कृषी विद्यापीठाचंच ते) काजूच्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ वगैरे जाती आल्या आणि त्या पेपर वाचून नाही पसरल्या, कलमांतून पसरल्या, नर्सरीवाल्यांनी मातृवृक्षाच्या काड्या घेतल्या, बांधणी शिकले, विकली कलमं! नर्सरी हाच तर उद्योग झाला ना. दापोली विद्यापीठाचा नूतन झेला (आंबे उतरवायची जाळीवाली काठी) पण तसाच, आंबा देठासकट उतरवायचा म्हणजे चीक लागून डाग पडत नाहीत, हे गड्याला हातात देऊनच कळतं.

गाडी अडते ती प्रक्रियेत. बोंडूचं, म्हणजे काजूच्या फळाचं, सरबत, सिरप कसं करायचं ते विद्यापीठ शिकवतं, प्रशिक्षणही होतं, पण बोंडू दिवसभरात आंबायला लागतो, हंगाम जेमतेम दोन-तीन महिने, आणि छोट्या कारखानदाराला रेसिपी नको असते हो, त्याला हवं असतं की बाटली किती महिने टिकेल, मशीन उरलेलं वर्ष कशाला वापरू, लायसन्सचं काय. शेजारी गोव्यात फेणी होते, आमच्याकडे बराचसा बोंडू बागेतच कुजतो.

विद्यापीठ-उद्योगांच्या एमओयूचे, म्हणजे सामंजस्य करारांचे, फोटो भरपूर येतात (शाल-श्रीफळासकट). त्यापेक्षा फूड टेक्नॉलॉजीची दोन पोरं ऐन हंगामात, मार्च-एप्रिलात, कारखान्यात बसवा. परीक्षा तेव्हाच असतात म्हणे, मग सरकवा की पुढे!