विषय: बाबांचा स्ट्रोक, कोल्हापूर – गुठळी काढली, पुढे काय?

मंडळी, नमस्कार.

बाबांना परवा पहाटे कोल्हापुरात स्ट्रोक आला. वय ७१, मधुमेह आहे. रात्री नऊला जेवून नीट झोपले होते. पहाटे पाचला आईनं हाक मारली तर उजवा हात उचलेना, शब्द फुटेना. दादानं तासाभरात दवाखान्यात पोचवलं. मांडीतून नळी घालून मेंदूच्या शिरेतली गुठळी काढली. डॉक्टर म्हणाले, शीर पूर्ण उघडली. पण हात अजून तसाच आहे. आपलं आपण करू शकतील का, असं विचारलं तर "पन्नास-पन्नास, तीन महिन्यांनी कळेल" एवढंच उत्तर मिळालं.

दादा म्हणतोय लगेच ये. मला मोठी रजा एकदाच मिळेल. मंडळात कुणी या क्षेत्रातलं असेल तर सांगा, हा पन्नासचा आकडा येतो कुठून? आणि मी कधी निघू?

– उत्तरेश्वर पेठेची लेक

*

ताई,

मी स्ट्रोक युनिटमध्ये काम करते. बाबांना मी पाहिलेलं नाही, त्यामुळे निर्णय तिथल्या डॉक्टरांचाच.

मोठी शीर बंद असते तेव्हा मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. शेजारच्या बारीक शिरा थोडंफार रक्त पोचवतात, त्यावर काही भाग तग धरून राहतो. गुठळी काढून वाचवतात तो हा भाग. आधीच मेलेला भाग शीर उघडली तरी परत येत नाही. बाबांची शीर उघडूनही हात हलत नाही, त्याचं कारण यातच असू शकतं. कधी कधी वाचलेला भागही काही दिवस सुन्न राहतो आणि मग सावकाश कामाला लागतो.

आता आकडा. गुठळी काढण्याचा उपचार पारखणाऱ्या पाच चाचण्यांमधल्या १२८७ रुग्णांचा एकत्रित हिशेब २०१६ साली आला. गुठळी काढलेल्यांपैकी ९० दिवसांनी ४६ टक्के लोक स्वावलंबी होते, न काढलेल्यांत साधारण २६ टक्के. बाबांसारखे झोपेत स्ट्रोक आलेले, उशिरा पोचलेले, पण स्कॅनवर वाचण्याजोगा मेंदू दिसणारे रुग्ण डॉन या चाचणीत होते. तिथे हेच प्रमाण ४९ आणि १३ टक्के निघालं. म्हणजे "पन्नास-पन्नास" हे हवेतलं बोलणं नाही. पण तो सगळ्या गटाचा हिशेब झाला. बाबांचं पारडं कुठे झुकतं ते वय, आधीची तब्येत, दाखल होतानाची साखर, पहिल्या स्कॅनवर किती भाग गेलेला दिसला आणि स्ट्रोकचा स्कोअर यांवर ठरतं. हा स्कोअर ० ते ४२ असतो, जितका जास्त तितका त्रास मोठा. दादाला एकच विचारायला सांगायचं असेल तर हे सांगा: दाखल होताना स्कोअर किती होता आणि २४ तासांनी किती आहे? दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त सांगून जातो.

अजून एक. स्ट्रोकनंतर माणूस किती स्वावलंबी आहे ते मोजायची पट्टी ग्लासगोच्या डॉ. रँकिन यांनी १९५७ साली मांडली; पुढे सुधारून ती ० ते ६ अशी झाली. ० ते २ आले तर स्वावलंबी. ३ म्हणजे आधाराशिवाय चालतो, पण काही कामांत मदत लागते. चाचण्यांच्या हिशेबात ३ वाला "न जमलेल्या" बाजूला जातो. तुमच्या घरात मात्र तो माणूस रंकाळ्यावर फेरी मारून येईल, फक्त शर्टाची बटणं कुणीतरी लावून द्यायची. हा फरक मला फार मोठा वाटतो, म्हणून "३ पर्यंत येण्याची शक्यता किती?" असंही जरूर विचारा.

निघण्याबद्दल माझं मत. पहिले काही दिवस मेंदूला सूज येण्याची किंवा रक्तस्राव होण्याची भीती असते. दुसऱ्या दिवशीचं स्कॅन वाईट असेल तर आजच निघा. चांगलं असेल तर रजा बाबा घरी येतील तेव्हासाठी राखा. खरी माणसं तेव्हा लागतात: व्यायाम, बोलण्याचा सराव, गोळ्या, आईला थोडी झोप.

आणि हे आत्ताच्या आत्ता कळवा: गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडातून पाणीसुद्धा द्यायचं नाही. कुणी मायेनं गंगावेशीतून दूध आणून पाजेल. ते श्वासनळीत गेलं तर न्यूमोनिया होतो, आणि मिळवलेलं सगळं हातचं जातं.

*

ताई, खूप आधार वाटला.

दादानं विचारलं. दाखल होताना १७, दुसऱ्या दिवशी ९. स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही. दूध खरंच आणलेलं होतं, आत्यानं. नर्सनी थांबवलं. मी तिकीट पुढच्या आठवड्यानंतरचं बघतेय.

बाबा "हो" म्हणतात, बाकी शब्द अडकतात. कोल्हापुरात किंवा सांगली-मिरजेकडे मराठीतून सराव घेणारे स्पीच थेरपिस्ट कुणाच्या ओळखीचे आहेत का? घरी येणारे असतील तर फार बरं. मला वेगळा मेल करा.