मदत हवी आहे : क्रोम 109 चा आधार कधी थांबवावा?

एका पतसंस्थेचे सभासदांसाठीचे संकेतस्थळ मी सांभाळतो. मायक्रोसॉफ्टने जून 2022 मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर 11 निवृत्त केल्यावर त्या जुन्या ब्राउझरसाठी संकेतस्थळ चालू ठेवण्याचा प्रश्न आपोआप मिटला. आता अडचण क्रोम ब्राउझरच्या 109 व्या आवृत्तीची आहे, कारण विंडोज 7 वर चालणारी ती शेवटची आवृत्ती असून शाखांमधील बरेच जुने संगणक अजून तिच्यावरच अडकलेले आहेत. सीएसएसमधील (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेतील) नेस्टिंग, म्हणजे एका नियमाच्या आत दुसरा नियम लिहिण्याची सोय, क्रोम 112 पासून आले, त्यामुळे ते थेट वापरले की तिथे खातेउताऱ्याचा तक्ता विस्कटतो आणि ‘शिल्लक’ हा रकाना पडद्याबाहेर जातो. सध्या पोस्टसीएसएस या साधनाने ते सपाट करून (म्हणजे जुन्या ब्राउझरला कळणाऱ्या सुट्या नियमांत बदलून) घेतो, पण प्रत्येक बदल दोनदा तपासावा लागतो.

केवळ भेटींच्या टक्केवारीवर निर्णय घेणे मला पटत नाही, कारण शाखेतील एका संगणकामागे कितीतरी सभासदांची रांग असते. दुसरीकडे, सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबलेल्या ब्राउझरवर पैशांचे व्यवहार चालू ठेवणेही (माझ्या मते खरे कारण हेच) योग्य नाही. आपण अशी तारीख कोणत्या निकषावर ठरवता, सूचनेची पट्टी किती आधी लावता, आणि व्यवहार बंद करून फक्त उतारा पाहण्याची सोय ठेवण्याचा मधला मार्ग कोणी अवलंबला आहे का?