मदत हवी आहे: १९७५ च्या एमजीबीला १९७२ चा पुढचा क्रॉसमेंबर (सस्पेन्शन धरणारी आडवी तुळई) आणि ब्रेक बसवावेत का?

मंडळी, नमस्कार.

मी इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीजवळ राहतो. दोन वर्षांपूर्वी १९७५ ची एमजीबी रोडस्टर (उघड्या छताची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घेतली, काळ्या रबरी बंपरची. काम घरच्या गराजमध्ये स्वतःच करतो. आता एका निर्णयावर अडलोय. जुन्या गाड्या खोललेली माणसं इथे आहेत, म्हणून विचारतो.

ही गाडी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ॲबिंग्डनला बनत होती. इंजिन बीएमसी कंपनीच्या बी-सिरीजचं, १७९८ सीसी. म्हणजे आपल्या अँबेसिडरच्या १४८९ सीसी इंजिनाचं सख्खं भावंड. सांगलीला काकांच्या अँबेसिडरखाली पाना धरून बसायचो. या गाडीचं बॉनेट पहिल्यांदा उघडलं तेव्हा सगळं ओळखीचं वाटलं, आणि तिथेच ती घ्यायचं ठरलं.

अडचण तिच्या सालात आहे. १९७४ च्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या बंपर आणि दिव्यांच्या उंचीच्या नियमांसाठी गाडी इंच-दीड इंच वर उचलली गेली. त्याच सुमारास खर्च वाचवायला रोडस्टरचा पुढचा अँटी-रोल बारही (वळणावर गाडी कलू न देणारी आडवी दांडी) काढला. १९७७ च्या मॉडेलला पुढे जाड बार आला आणि मागेही एक आला. माझी गाडी नेमकी मधली: उंचही आणि बारही नाही. गोल चक्करला थोडा वेग असला तरी अशी कलते की शेजारी बसलेली मुलगी दार घट्ट धरते. ते बघून मला गाडी चालवायचा आनंद राहत नाही.

मागच्या वर्षी एका दुकानदाराच्या सांगण्यावरून पुढे आखूड स्प्रिंगा टाकल्या. "बाकी काही बदलावं लागत नाही," म्हणाला होता. पुढून गाडी बसली, मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जुनेच, त्यामुळे नाक खाली शेपूट वर. गतिरोधकावर पुढचे बंपस्टॉप (धक्का अडवणारे रबरी ठोकळे) धाडकन आदळतात. पैसे गेले ते गेले, पण विश्वास ठेवून काम केलं याचं वाईट वाटतं.

आता एकाकडे १९७२ च्या, क्रोम बंपरच्या एमजीबीचा पूर्ण पुढचा क्रॉसमेंबर मिळतोय: विशबोन (चाक वर-खाली हलू देणारे त्रिकोणी दांडे), किंगपिन (चाक ज्यावर वळतं तो खांब), हब, डिस्क, कॅलिपर (डिस्क दाबून ब्रेक लावणारा भाग), अँटी-रोल बार, सगळं जोडलेलं. चार लांब बोल्ट काढायचे, जुना उतरवायचा, हा चढवायचा, असं तो म्हणतो.

माझे प्रश्न:

स्टिअरिंग रॅक (चाकं वळवणारी दात्यांची दांडी) माझाच राहिला तर स्टिअरिंगच्या शाफ्टची रेषा जुळेल का? मागे पाट्यांखाली ठोकळे घालून उंची कमी करावी, की पाटेच बदलावेत? आणि ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते, पेडलही खोल जातं. क्रॉसमेंबर उतरवणारच असेन, तर त्याच वेळी व्ही८ (आठ सिलिंडरच्या) मॉडेलच्या जाड डिस्क आणि कॅलिपर टाकावेत का?

फोटो उद्या टाकतो.

प्रतिसाद १

दादा, घाई करू नका. बोल्ट चारच असले तरी क्रॉसमेंबर नुसता चढवून भागत नाही. रबरी बंपरच्या गाडीत रॅक बसायची जागा बदललेली आहे. जुन्या क्रॉसमेंबरवर तुमचा रॅक ठेवलात तर त्याचे ब्रॅकेट कापून नव्याने वेल्ड करावे लागतील, आणि स्टिअरिंगशी जोडलेल्या भागावर घरगुती वेल्डिंग मी तरी करणार नाही. माझं मत: क्रॉसमेंबर तुमचाच ठेवा, त्यातला अँटी-रोल बार आणि त्याच्या लिंका (बार विशबोनला जोडणाऱ्या दांड्या) घ्या. चासीच्या टोकाला बार पकडायची सोय आहे का ते आधी खाली झोपून पाहा. मागे क्रोम बंपरचे पाटे सरळ टाकू नका, तुमच्या गाडीत पाट्यांची अडकवण्याची जागाही बदललेली आहे. कमी उंचीचे पाटे रबरी बंपरच्या गाडीसाठी म्हणून वेगळे मिळतात, तेच घ्या.

एक विसरू नका. या गाडीत पुढचा शॉकअप (धक्के शोषणारा भाग) म्हणजेच वरचा विशबोन. त्यातून तेल गळत असेल किंवा त्याच्या दांड्यात खेळ असेल, तर खाली काहीही बदला, चाक सरळ उभं राहणार नाही.

प्रतिसाद २

ब्रेकबद्दल सांगतो. जाड डिस्क नंतर. ओढणं आणि खोल पेडल ही बहुतेक वेळा दोन वेगळी दुखणी असतात. पेडल खोल जात असेल तर मागच्या ड्रमचे चौकोनी डोक्याचे ॲडजस्टर आवळून बघा. चाक अडेपर्यंत आवळायचं, मग ते मोकळं फिरेपर्यंत थोडं मागे. ओढत असेल तर एखाद्या कॅलिपरचा पिस्टन जाम असेल किंवा ब्रेकचा रबरी होज (नळी) आतून सुजला असेल. होज बाहेरून चांगला दिसतो, म्हणून फसगत होते. व्ही८ ची डिस्कही व्यासाने तुमच्याएवढीच, १०.७५ इंच, फक्त जाड. तापल्यावर टिकते, पण जाम पिस्टनवर ते औषध नाही.

आणि गाडीला एमओटीची (ब्रिटनमधली वार्षिक वाहन तपासणी) सूट घेतली असेल, तर सस्पेन्शनचा प्रकारच बदलणारं काही करण्याआधी नियम वाचा. सूट असली तरी मी दरवर्षी स्वेच्छेने तपासणी करून घेतो.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार गाडीखालीच होतो. मागचे ॲडजस्टर एका बाजूला जवळजवळ दोन फेरे ढिले निघाले, पेडल लगेच वर आलं. उजव्या कॅलिपरचा एक पिस्टन हाताने हलतच नव्हता, म्हणजे त्या बाजूला ब्रेक कमी लागायचा आणि गाडी डावीकडे जायची. दोन्ही कॅलिपर आणि तिन्ही होज नवे मागवले. डाव्या शॉकअपमधून तेल गळतंय, तोही दुरुस्तीला पाठवतोय.

क्रॉसमेंबरवाल्याला नाही म्हटलं. फक्त बार आणि लिंका द्यायला तो तयार झाला. आता शेवटचा प्रश्न उरला: माझ्या खालच्या स्प्रिंग-पॅनला (स्प्रिंग ज्यात बसते ती ताटली) लिंक अडकवायचं भोक नाही. १९७२ चे पॅन माझ्या विशबोनवर बसवलेत का कोणी? बसले असतील तर स्प्रिंगची उंची किती बदलली?