मदत हवी आहे: घरच्या काळजीवाहकांचं समाधान मोजायचं कसं?

नमस्कार. डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) रुग्णांकडे आम्ही आठवड्यातून दोनदा, चार-चार तास मदतनीस ताई पाठवतो, म्हणजे सांभाळणाऱ्या माणसाला जरा मोकळीक मिळते. सीएसक्यू-८ (सेवेबद्दलचं समाधान मोजणारी आठ प्रश्नांची यादी, गुण ८ ते ३२) च्या धर्तीवर सांभाळणाऱ्यांकडून फॉर्म भरून घेतले. जवळपास सगळेच ३० च्या वर! एका काकूंनी ताईंसमोरच भराभर ‘खूप समाधानी’वर खुणा केल्या. मग फाटकापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, “बाहेर पडते गं, पण जीव घरातच अडकलेला असतो.” हे फॉर्मात कुठे येणार? झारिटची २२ प्रश्नांची यादी असते, पण ती सांभाळणाऱ्यावरचं ओझं मोजते, सेवेबद्दलचं समाधान नाही. सेवा बंद होईल या भीतीने लोक मोकळं बोलत नाहीत, असं मला वाटतं. ताई नसताना, तिऱ्हाइताने फोनवर विचारावं का? कोणी केलंय का असं? नेमकं काय विचारलंत, कृपया सांगा.