स्लो कुकरमधलं बफेलो चिकन डिप फाटलं. कुठे चुकलं?

खमंग_ओहायो

रविवारी सुपर बोलचं (अमेरिकन फुटबॉलची अंतिम लढत) पॉटलक आहे, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा, पंधरा-सोळा माणसं. माझ्याकडे बफेलो चिकन डिप (तिखट-आंबट सॉसमधल्या कोंबडीच्या पंखांच्या चवीचं, चिप्सबरोबर खायचं चीज-चिकनचं डिप) आलंय. काल रंगीत तालीम केली, ती साफ फसली.

केलं ते असं: ६ क्वार्टचा स्लो कुकर. तळाशी २ पाउंड बोनलेस चिकन ब्रेस्ट, फ्रीझरमधून काढून थेट. त्यावर लो-फॅट क्रीम चीजचे ८ औंसांचे दोन ठोकळे, १ कप फ्रँक्स रेडहॉट (बाटलीतला हॉट सॉस), रँच ड्रेसिंगऐवजी १ कप ग्रीक योगर्ट (घट्ट दही) आणि पिशवीतलं किसलेलं एक्स्ट्रा शार्प चेडर २ कप. सगळं एकदम घालून हायवर साडेतीन तास.

निघालं ते असं: वर केशरी तेलाचा थर, त्याखाली पाणी, पाण्यात रव्यासारखे पांढरे दाणे, कडेला करपलेली खरपुडी. चिकनचा चोथा. खारट झालंय आणि एवढं करून तिखट म्हणावं तर तेही नाही. कृती शोधून पाहिल्या, सगळीकडे 'सगळं घाला आणि विसरून जा' एवढंच. नेमकं काय बदलू?

मंद_आच

तुमच्या भांड्यात दोन वेगवेगळे बिघाड झालेत, त्यांची सरमिसळ करू नका. तेल वर आलं ते चीजमुळे. दाणे पडले ते दह्यामुळे. पहिला बिघाड सुधारता येतो, दुसरा जवळजवळ नाहीच.

दाण्यांचं आधी. दुधातलं केसीन हे प्रथिन ४.६ pHच्या (pH म्हणजे आंबटपणाचं माप) आसपास गोळा होतं. दही म्हणजे तिथवर आधीच पोचलेलं दूध. ते तापवलं की आणखी आवळतं आणि पाणी सोडतं. कढीला आपण बेसन लावतो ते याचसाठी. तुमच्या योगर्टला बेसन नाही, वरून व्हिनेगरवाला सॉस आणि साडेतीन तास आच, मग ते फुटणारच. रँच किंवा ब्लू चीज ड्रेसिंग बाटलीतलं घ्या. त्यात तेल अंड्याने आणि गोंदासारख्या घट्ट करणाऱ्या पदार्थांनी बांधलेलं असतं, म्हणून ते टिकतं. योगर्टच हवं असेल तर फुल-फॅट घ्या, पाव कपाच्या वर नको, आणि तेही कुकर बंद केल्यावर.

आता तेल. अमेरिकेत क्रीम चीज म्हणून विकायचं तर त्यात किमान ३३% दुधाची चरबी लागते. लो-फॅटमध्ये ती कमी आणि पाणी जास्त, त्यामुळे बांधून धरायची ताकद कमी. फुल-फॅटच्या जागी लो-फॅट घालून तब्येत सांभाळायची असेल तर डिप कमी खाल्लेलं बरं. चेडर जितकं जुनं तितकी त्यातली प्रथिनांची जाळी मोडलेली, आणि तापवलं की ते तेवढ्या लवकर तेल सोडतं. म्हणून एक्स्ट्रा शार्प नको, माइल्ड किंवा मीडियम घ्या. निम्मं माँटेरे जॅक चीज घातलं तर अजून छान. पिशवीतल्या किसाला चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, त्यानेही पोत खडबडीत होतो. ठोकळा आणून घरी किसा, दोन मिनिटांचं काम आहे.

मिसळीला तर्री हवी, या डिपला नको. रश्श्याला तेल सुटलं की झालं असं समजायची आपल्या हाताला सवय असते, इथे तेल सुटलं की बिघडलं.

क्रम असा ठेवा:

चिकन आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवून पूर्ण वितळवा. फ्रोझन चिकन स्लो कुकरमध्ये थेट घालायचं नाही, USDAही (अमेरिकेचं कृषी खातं) तेच सांगतं. भांडं मुळात सावकाश तापतं. गोठलेलं मांस ४ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात फार वेळ रेंगाळतं आणि जंतू तिथेच वाढतात. निम्मं ब्रेस्ट आणि निम्मं थाय (मांडीचं मांस) घेतलंत तर चोथा होणार नाही. २ पाउंड चिकन, पाव कप हॉट सॉस, अर्धा कप पाणी, अर्धा चमचा लसूण पावडर. मीठ अजिबात नको. झाकण लावून लोवर अडीच-तीन तास. ६ क्वार्टच्या भांड्यात एवढंसं चिकन पसरून बसतं आणि लवकर शिजतं, म्हणून दोन तासांनीच सगळ्यात जाड तुकड्यात थर्मामीटर खुपसा. ब्रेस्ट १६५ फॅरनहाइट (७४ सेल्सिअस) झालं की लगेच बाहेर. थाय आणखी अर्धा-पाऊण तास राहू दे, ते १८०-१८५पर्यंत गेलं की नीट पिंजलं जातं.

चिकन काढल्यावर भांड्यात पाहा. कपभर तरी पाणी सुटलेलं असेल, तुम्ही घातलेलं वेगळं. *ते सगळं ओतून एका वाटीत काढा.* तुमच्या डिपमधलं बरंचसं पाणी तिथलंच. दोन काट्यांनी चिकन पिंजा, पण कापूस करू नका. चिपवर उचलायचं म्हणजे तुकडा पेराएवढाच लांब हवा, लांब धागे चिपवरून लोंबतात. २ पाउंडांचं साधारण ४ कप भरेल.

पिंजलेलं चिकन परत भांड्यात, त्यावर १६ औंस फुल-फॅट क्रीम चीज. तासभर बाहेर ठेवून मऊ केलेलं, बोराएवढे तुकडे केलेलं. थंड ठोकळा घातलात तर बाहेरून वितळतो, आत गाठ राहते आणि ती मोडेपर्यंत बाकीचं तापून जातं. लोवर वीस-पंचवीस मिनिटं झाकून ठेवा, मग घोटा. गुळगुळीत झालं की अर्धा कप हॉट सॉस तीन-चार वेळा थोडा थोडा घालत, दरवेळी ढवळून. मग १ कप रँच. आता कुकर वॉर्मवर आणा आणि चेडर मूठ मूठ घालत जा, पहिली मूठ वितळल्यावर दुसरी. एकूण दीड कप.

चमचा उलटा करून पाहा. थर मागच्या बाजूला चिकटून हळूहळू घसरला पाहिजे. गोळा होऊन बसला तर बाजूला काढलेलं पाणी एकेक चमचा घाला. धारेने ओघळला तर झाकण काढून दहा मिनिटं ठेवा. निवल्यावर ते घट्ट होतंच, त्यामुळे गरम असताना किंचित सैल असू द्या.

लसूणपाकळी

सगळं एकदम घालूनही होतं हो. अट एकच, चिकन आधी शिजलेलं हवं. बाजारातली भाजलेली कोंबडी आणा, कातडी काढून पिंजा, फुल-फॅट क्रीम चीज, सॉस, रँच, चीज, सगळं लोवर दीड तास, मध्ये दोनदा ढवळायचं. फाटत नाही. तीन तास घड्याळ धरून बसायची गरज काय?

मंद_आच

लसूणपाकळी, मान्य. शिजलेलं चिकन घेतलं की पाणी सुटायचा प्रश्नच जातो आणि वेळही निम्मा होतो. तरी चेडर मात्र शेवटीच घाला, दीड तास शिजवून त्याला काही मिळत नाही. आणि भाजलेल्या कोंबडीत बहुधा मिठाचं पाणी टोचलेलं असतं, तेव्हा सॉस अर्ध्या कपापासून सुरू करून चव बघत वाढवा.

लो आणि हायबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. बहुतेक कुकरमध्ये दोन्ही शेवटी जवळपास एकाच तापमानाला, उकळीच्या थोडं खाली पोचतात. हायवर तिथे लवकर पोचतात, एवढाच फरक. त्यामुळे 'लोवर आहे, राहू दे चार तास' हे दुधाच्या पदार्थांना चालत नाही. क्रीम चीज पडल्यानंतर एकूण तासाभराच्या आत वॉर्मवर यायचं.

तर्रीबाज

तिखटाचं कुणी बोललंच नाही!

फ्रँक्स हा मुळात तिखट सॉस नाही. लाल केयेन मिरची, व्हिनेगर, पाणी, मीठ, लसूण पावडर. एका छोट्या चमच्यात १९० मिलिग्रॅम सोडियम. कपात असे ४८ चमचे बसतात, म्हणजे तुमच्या एका कपातून ९ ग्रॅमवर सोडियम गेलं. मिठात मोजलं तर साधारण २३ ग्रॅम, चांगले चार चमचे. वर चीजचं मीठ वेगळं. म्हणून खारट. सॉस वाढवला की आंबट आणि खारट वाढतं, तिखट नाही.

तिखट हवं तर वेगळं घाला. १ टेबलस्पून बटर मंद वितळवायचं, गॅस बंद, त्यात पाऊण चमचा केयेन पावडर, दहा सेकंद ढवळून लगेच डिपमध्ये. बटर कडकडीत असेल तर पूड काळी पडते आणि कडवट लागते. याहून जास्त बटर नको. पंखांवरच्या बफेलो सॉसमध्ये हॉट सॉसइतकंच बटर असतं हे खरं, पण तिथे क्रीम चीज नसतं. इथे चरबी आधीच काठोकाठ आहे.

ज्यांना आणखी हवंय त्यांच्यासाठी हालापिन्यो मिरची बारीक चिरून वरून. गरम मसाला, चाट मसाला, कोथिंबीर यांचा मोह टाळा. वाईट लागेल असं नाही, पण मग ते बफेलो राहत नाही. (बफेलो म्हणजे म्हैस नव्हे, न्यूयॉर्क राज्यातलं गाव. तिथल्या अँकर बारमध्ये १९६४ साली हे पंख पहिल्यांदा झाले असं मानतात. डिप ही त्याचीच पुढची आवृत्ती, हाडं काढलेली.)

बाटली घेताना लेबल बघा. 'ओरिजिनल' आणि 'विंग्ज सॉस' वेगळे. दुसरा दाट आणि सौम्य असतो. वरचं प्रमाण ओरिजिनलचं आहे.

कर्वेनगर_किचन

पुण्यात स्लो कुकर फार कुणाकडे नसतो, त्याशिवायही जमतं. चिकन प्रेशर कुकरला न लावता पातेल्यात झाकून मंद शिजवा, शिट्ट्यांनी ब्रेस्ट दोरखंडासारखं होतं. पुढचं सगळं जाड बुडाच्या कढईत, खाली तवा ठेवून, अगदी बारीक गॅसवर. क्रीम चीज इथे डब्यात मिळतं. त्याच्या जागी चक्का घालू नका, मंद_आच यांनी दह्याचं सांगितलं तेच चक्क्याचं होतं.

चेडरऐवजी आपलं क्यूबमधलं प्रोसेस्ड चीज किसून घातलं तर फाटण्याची भीती बरीच कमी, कारण त्यात पाणी-चरबी बांधून ठेवणारे क्षार आधीच असतात. चव थोडी सपाट होते, तेवढं चालवून घ्यायचं.

सॉस मिळाला नाही तर ८-१० काश्मिरी मिरच्या बिया काढून गरम पाण्यात अर्धा तास भिजवा. अर्धा कप पांढरं व्हिनेगर, दोन लसूण पाकळ्या, १ चमचा मीठ घालून गंधासारखं वाटा आणि गाळून घ्या. गाळायचा कंटाळा केला तर सालं दाताखाली येतात. घरात गोव्याचा रेशाद मसाला असेल तर तो याच्या जवळचा वाटेल, पण त्यात मिरी-लवंग-दालचिनी असते, डिपला ती चव चालत नाही. गरम ठेवायला हॉट केस, आत आधी उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं ठेवलेलं.

खमंग_ओहायो

सगळ्यांचे आभार, घोडं कुठे अडलं ते कळलं. अजून तीन गोष्टी. एक, कालचं फाटलेलं फेकून देऊ का? दोन, खेळ साडेतीन-चार तास चालतो, तोवर वॉर्मवर राहील ना? तीन, आदल्या रात्री करून ठेवलं तर चालेल का?

मंद_आच

कालचं: फ्रोझन चिकन तसं शिजवलेलं आहे, मी तरी ते ठेवणार नाही.

पण रविवारी ऐनवेळी तेल सुटलंच तर घाबरू नका. आच बंद, वरचं तेल चमच्याने किंवा पेपर टॉवेलने टिपून घ्या. सगळं टिपलंत तर कोरडं पडेल, तेव्हा थोडं राहू द्या. मग अमेरिकन चीजचे दोन स्लाइस फाडून घाला आणि जोरात घोटा. कर्वेनगर_किचन म्हणतात तेच क्षार त्यात असतात, ते तेल-पाणी परत बांधतात. स्लाइस नसतील तर २-३ टेबलस्पून कोमट दूध घालून घोटा. दाणे पडले असतील तर हँड ब्लेंडर फिरवून दिसायला गुळगुळीत होईल, पण मग चिकनचीही पेस्ट होते.

वॉर्म: ६० सेल्सिअसच्या (१४० फॅ.) वर राहतंय एवढं थर्मामीटरने एकदा बघून घ्या. राहत असेल तर सुरक्षित आहे, पोत मात्र दोन-अडीच तासांनंतर उतरायला लागतो. अर्ध्या अर्ध्या तासाने कडा खरवडून आत ढवळा. तुमचं ६ क्वार्टचं भांडं या प्रमाणाला मोठंच आहे, जेमतेम एक तृतीयांश भरतं, म्हणून कडा करपतात. ४ क्वार्टचा कुणाकडून मिळाला तर उत्तम. झाकणाला साचलेलं पाणी डिपमध्ये पडू न देता बाहेर झटका. घट्ट झालं तर चिकनचं ते वाटीतलं पाणी चमचाभर. ती वाटी फ्रिजमध्ये ठेवा आणि घालताना गरम करून घाला.

आदल्या रात्री: चिकन शिजवून, पिंजून फ्रिजमध्ये ठेवा, चीजही किसून ठेवा. मिसळायचं मात्र त्याच दिवशी. फ्रिजमधलं थंड चिकन आधी गॅसवर वाफ येईपर्यंत, १६५ फॅरनहाइटपर्यंत गरम करा, मग स्लो कुकरमध्ये. स्लो कुकर थंड पदार्थ तापवायला फार वेळ लावतो, उरलेलं डिप परत गरम करायलाही तो नकोच.

लसूणपाकळी

चिप्स जाड घ्या, पातळ टॉर्टिया चिप या डिपमध्ये मोडते आणि मग तुकडा शोधायला लोक बोटं घालतात. सेलरी कापून बर्फाच्या पाण्यात ठेवा, पण वाढण्याआधी कोरडी पुसा. ब्लू चीज सगळ्यांना झेपत नाही. भांड्यात घालू नका, चुरा करून शेजारी वाटीत ठेवा.